फडक्यांची वही

१

मंगळवारी साडेअकराला गावची कारकून इर्मा लाहतेला ही टपाल घेऊन गावकचेरीत परतली, तेव्हा दाराशी बटाट्यांचं पोतं होतं आणि टेबलाचा खालचा खण बोटभर उघडा होता. कुलूप शाबूत. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला, एकोणीस वर्षं असते तिथेच. खणात तिने जूनमध्ये टंकलेली यादी होती. वही नव्हती.

इर्माने खण पूर्ण बाहेर ओढला, उलटा केला, मागे हात घालून पाहिलं. मग ती खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच तिला कळलं की गुरुवारच्या सुनावणीनंतर ह्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल.

स्टोनी लँडिंगमध्ये त्या वहीला फडक्यांची वही म्हणत. दर वसंतात सरोवरावरचा बर्फ कुजतो. दोन-तीन आठवडे त्यावरून चालता येत नाही आणि त्यातून होडीही काढता येत नाही. हे फुटीचे दिवस. समोरच्या बेटाकडे जाणारी टेलिफोनची तार बर्फ बहुधा पहिल्याच दिवशी तोडतो. म्हणून हेरॉन बेटावरचं प्रत्येक घर रोज सकाळी आपल्या धक्क्याच्या खांबाला फडकं लावतं. पांढरं असेल तर सगळं ठीक, मदत नको. लाल असेल तर माणसं पाठवा. इकडे किनाऱ्यावर मिट्झीच्या खानावळीत खिडकीशी बसून एनार सुंडवॉल दुर्बिणीतून बघायचा आणि लिहायचा. सव्वीस वर्षं लिहिलं त्याने. ह्या वर्षी जुलैही काढणार नाही असं म्हणायचे लोक, पण तो जुलै काढून गेला, ऑगस्टमध्ये. वही इर्माच्या खणात राहिली.

आणि ह्या वर्षी त्या वहीवर आमदारकी अडकली होती.

कायदा सांगतो, मतदानाआधी सहा महिने उमेदवार मतदारसंघात राहत असला पाहिजे. म्हणजे १९८८च्या ह्या निवडणुकीला आठ मेपासून. ग्रँट हॅव्हरी हा मिनिआपोलिसच्या उपनगरातला वकील. तिकडे त्याला कुणी उभं करेना, म्हणून त्याने मार्चमध्ये हेरॉन बेटाच्या उत्तर टोकावरचं सात नंबरचं घर घेतलं आणि उन्हाळ्यात अर्ज भरला. गावात त्याचं तोंड पहिल्यांदा दिसलं ते मेच्या मध्यावर. इर्माने सरळ हरकत नोंदवली: हा माणूस इथे राहत नव्हता. हॅव्हरीने हसत उत्तर दिलं, ‘मी बेटावरच होतो. फुटीत अडकलेलो. वही बघा.’

वही बघितली. यादीही बघितली. घर नंबर सात, चोवीस एप्रिल ते दहा मे: रोज पांढरं.

आता ती वही इर्माच्या ताब्यातून गेली होती. हरकत घेणारी इर्मा, पुरावा तिच्या विरुद्ध, आणि पुरावा सांभाळणारीही इर्माच.

दार न वाजवता हॅव्हरी आत आला. अंगावर नवाकोरा चौकड्यांचा लोकरी शर्ट, घड्यांच्या रेघा अजून तशाच.

“वही तपासायला आलो होतो, मॅडम. मूळ वही गुरुवारी सुनावणीत ठेवा, असा अर्ज मी काल दिलाच आहे.”

इर्माने रिकाम्या खणाकडे बोट दाखवलं.

त्याने वाकून खणात पाहिलं. मग म्हणाला, “गुरुवारी संध्याकाळी सात. कोर्टाचा चौकशी अधिकारी येईल, आणि त्याच्याबरोबर शेरीफही येईल, तेवढं मी बघतो. पुरावा गिळणं गुन्हा असतो, माहीत आहे ना?”

२

कचेरीसमोरच मिट्झीची खानावळ. गावात कोण कुठल्या दाराने आत गेलं आणि किती मिनिटांनी बाहेर आलं, हे मिट्झीला न बघताही कळतं.

“अकरा ते साडेअकरा,” तिने वेलदोड्याचा पाव कापत सांगितलं. “आधी तो नवा शर्ट. दार उघडून डोकावला, तू नाहीस म्हणून परत फिरला. पुन्हा आला तो तू असताना. मग आमदारसाहेब. पाच मिनिटं आत. मग व्हर्नर केतोला, पोतं घेऊन. तोही पाचेक मिनिटं.”

“किल्ली कुठे असते ते तिघांनाही माहीत.”

“अगं, माझ्या मांजरालाही माहीत आहे.” मिट्झीने पाव पुढे सरकवला. “खा. तुरुंगात असला मिळायचा नाही.”

“मिट्झे, तू माझ्या बाजूची आहेस की त्याच्या?”

“मी गिऱ्हाइकाच्या बाजूची. पण तो शर्टवाला पहिल्यांदा आला तेव्हा मला विचारतो, इथे चांगलं काय मिळतं. म्हटलं, आमचं मत. तेही विकायचं बंद केलंय.”

इर्माला हसू आलं नाही. तिची नजर खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीवर होती. एनारची खुर्ची. अजून तिथे कुणी बसत नव्हतं.

“शेवटच्या फुटीत तो काही बोलला होता का? सात नंबरबद्दल?”

“एनार? तो स्टेशनमास्तर होता बाई, गाडी सुटली तरी तोंड उघडायचा नाही. हां, एक कुरकुर होती ह्या वर्षी. दरवर्षी साडेसहाला एक कप कॉफी घ्यायचा. कप संपेपर्यंत बेटावरची सगळी फडकी लागलेली असायची, वही बंद. ह्या वर्षी रोज दोन कप. जवळजवळ अडीच आठवडे. म्हणायचा, ‘बेटावर कुणीतरी आळशी झालंय.’ दुसऱ्या कपाचे पैसे मी घेत नाही, म्हणून लक्षात राहिलं.”

“कोण आळशी झालंय?”

“ते नाही सांगितलं. वहीत लिहिलं असेल. तो प्रत्येक फडक्याची वेळ लिहायचा. वेळ नसलेली नोंद ही नोंदच नव्हे म्हणायचा, रेल्वेची खोड.”

इर्माचा हात पावावर थांबला. जूनमध्ये यादी टंकताना तिने फक्त लाल की पांढरं एवढंच उतरवलं होतं. वेळांचा रकाना तिने सोडून दिला होता.

३

हॅव्हरी धक्क्यावर आपल्या होडीत सामान भरत होता. होडी भाड्याची. दोर बांधला होता तो बुटाच्या नाडीसारखा.

“मी चोर कसा असेन?” त्याने विचारलं. “ती वही माझी बाजू घेते. मीच तर ती मागवली.”

“ते मला कळतं. मला फुटीच्या दिवसांबद्दल ऐकायचंय. सतरा दिवस एकटे होता तुम्ही.”

“अं, हो.” त्याच्या चेहऱ्यावर भाषणाचा चेहरा चढला. “तुम्हाला सांगतो, माणूस बदलतो. ती शांतता. रात्री खिडकी उघडली की काहीच नाही. स्वतःचा श्वास ऐकू यायचा. तेव्हाच मी ठरवलं, ह्या लोकांची सेवा करायची.”

“खिडकी उघडी टाकून झोपायचात?”

“रोज. अशी झोप मला शहरात कधी लागली नाही.”

इर्माने मान हलवली. त्याला वाटलं ती विरघळली. ती संतापली होती. फुटीच्या दिवसांत सरोवराचा बर्फ मेणबत्त्यांसारख्या उभ्या कांड्यांनी सुटतो, आणि वारा आला की मैलभर पसरलेल्या त्या कांड्या एकमेकींवर आपटतात. बांगड्यांची गाडी दगडावर उलटावी, आणि उलटतच राहावी, दिवसरात्र. बेटावरची माणसं कानात कापूस घालून झोपतात. शांतता म्हणे.

म्हणजे हा तिथे नव्हता. एक रात्रही नव्हता.

मग सतरा दिवस सात नंबरचं फडकं कुणी लावलं? किनाऱ्यावरून त्या दिवसांत पाखरूच काय ते जाईल.

आणि हे ती अधिकाऱ्याला काय म्हणून सांगणार होती? की उमेदवाराला चांगली झोप लागली?

४

आमदार लेलँड ब्रॅटेन किनाऱ्यावरच राहायचा, धक्क्यापासून चार मैलांवर. आजोबांनी बांधलेलं घर, बापाने वाढवलेलं. बावीस वर्षांत अकरा वेळा तो एकाच वाक्यावर निवडून आला होता: मी इथलाच. ते वाक्य त्याच्या दारावर, गाडीवर आणि कॉफीच्या कपांवर छापलेलं होतं.

“ये इर्मा, ये. झालं ते चांगलंच झालं म्हण.” त्याने तिला तसल्याच एका कपात कॉफी दिली. “तू काही बोलू नकोस. मीही विचारणार नाही.”

“काय विचारणार नाही?”

“वही कुठे गेली ते.” त्याने डोळा मिचकावला. “आपल्या माणसाने आपल्या मातीसाठी केलं. बास. शेरीफला मी सांभाळतो.”

“लेलँड, मी नाही घेतली.”

“बरं. नाही घेतलीस.”

“तू पाच मिनिटं आत काय करत होतास?”

“तुझी वाट बघत होतो. विचारायचं होतं, ती वही गुरुवारी वाचावीच लागेल का. नसलीस, निघालो.” तो पुढे झुकला. “आता त्या उपऱ्याच्या हातात काय उरलं? शून्य.”

“माझी यादी उरलीय. त्याच खणात होती. सही-शिक्क्याची. सात नंबर, सतरा दिवस पांढरं. ती मी गुरुवारी देणार आहे.”

ब्रॅटेनचा कप बशीत वाजला. त्याचा चेहरा असा उतरला की इर्माला एक गोष्ट पक्की कळली. हा नाटक करत नव्हता. यादी असते हे ह्याला माहीतच नव्हतं. ह्याने खण उघडला असता तर दोन्ही कागद डोळ्यांसमोर आले असते, आणि दोन्ही नेले असते.

“देऊ नकोस,” तो म्हणाला. आवाजातली माती गेली होती. “अगं, जाळ ती. वेडी आहेस का?”

“वही वाचावी लागेल का, हे तुला का विचारायचं होतं?”

“त्या उपऱ्यासाठीच.”

हे उत्तर जरा लवकर आलं, असं तिला गाडीत बसताना वाटलं. पण तेव्हा ती दुसऱ्याच विचारात होती.

५

चोराने वही नेली आणि यादी ठेवली. सगळा गाव इथेच फसला होता. सात नंबरची नोंद पुसायची असती तर दोन्ही न्यायला हवी होती. वहीत आहे आणि यादीत नाही असं एकच काहीतरी होतं: वेळा. तर चोराला भीती वेळांची होती.

वेळांची भीती कुणाला? ज्याची वेळ बदलली त्याला. कुणीतरी रोज पहाटे आधी दुसऱ्याच्या खांबाला फडकं लावत होतं आणि मग चालत घरी येऊन आपल्या खांबाला. एनारची दुसरी कॉफी ही त्या चालण्याची होती.

फुटीत बेटावर माणसं होती ती चारच घरांत. त्यांतला एकच मंगळवारी कचेरीत आला होता, पोतं घेऊन. एकोणीस वर्षं तो बटाटे शुक्रवारी आणायचा.

बुधवारी दुपारी इर्माने होडी हेरॉन बेटाच्या दक्षिण धक्क्याला लावली. व्हर्नर केतोला कुंपणाशी लाकडं फोडत होता. सत्तरीचा म्हातारा, हात अजून कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे.

“पैसे शुक्रवारी दिलेस तरी चालले असते,” तो म्हणाला.

“बटाटे शुक्रवारी आणले असतेस तरी चालले असतं.”

त्याने आणखी एक ओंडका उभा केला, फोडला नाही.

“उत्तर टोकापर्यंत चालायला किती वेळ लागतो, व्हर्नर?”

“दलदलीतून? पस्तीस मिनिटं. माझ्या गुडघ्याला चाळीस.”

“सतरा दिवस चाळीस मिनिटं. किती पैसे घेतलेस?”

कुऱ्हाड जमिनीत रुतली. “पैसे,” तो म्हणाला. “तुला मी पैशाचा वाटलो.”

तो आत गेला. ती मागोमाग गेली. चुलीत जाळ नव्हता. टेबलावर वही उघडी पडली होती, शेजारी काड्यापेटी.

“मार्चमध्ये बर्फावरून चालत आला होता तो,” व्हर्नर म्हणाला. “ह्या खुर्चीत बसला. म्हणाला, निवडून आलो तर पहिलं काम, किनाऱ्यावर सरकारी हवाई होडी. बर्फावर, पाण्यावर, कशावरही चालणारी. कायमची. फुटीत माणूस आजारी पडला तर वीस मिनिटांत पलीकडे. फक्त एक अडचण आहे म्हणाला, मला आठ मेला इथे असावं लागतं आणि माझी शहरात कामं आहेत. फुटीत कुणी येऊन बघू शकत नाही ना, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, नाही. कुणीच येऊ शकत नाही. ते मला माहीत आहे.”

ते इर्मालाही माहीत होतं. चार वर्षांपूर्वी व्हर्नरची बायको लेम्पी फुटीच्या दिवसांतच गेली होती, पोटात काहीतरी फुटून. तेव्हा गाव म्हणालं होतं, बर्फापुढे कुणाचं चालतं.

“माझं मत सांगू तुला, उमेदवार कुठे झोपतो ह्याने काय फरक पडतो? होडी आणणारा चंद्रावर झोपेना. असं वाटायचं मला. म्हणून लावली फडकी. मग त्या शहाण्याने स्वतःच मूळ वही मागवली. त्याला कुठे ठाऊक, एनार वेळ लिहायचा. मला ठाऊक होतं. तीस वर्षं त्याच्याशी सोंगट्या खेळलोय.”

“मग जाळली का नाहीस?”

“जाळणारच होतो. म्हटलं, एकदा लेम्पीचं पान बघावं.” त्याने वही तिच्याकडे वळवली. “वाच.”

इर्माने वाचलं. एकदा, मग पुन्हा. बाहेर धक्क्यावर तिची होडी खांबावर आपटत होती.

“हे तुला माहीत होतं?” तिने विचारलं.

“काल रात्रीपर्यंत नाही. मी चार वर्षं बर्फाला शिव्या देतोय.” म्हाताऱ्याने काड्यापेटी उचलून खिशात घातली. “ने वही. मी उद्या येतो. माझं काय करायचं ते करा. पण हे पानही वाच, इर्मा. वाचणार नसलीस तर आत्ताच सांग, चूल पेटवतो.”

६

गुरुवारी सातला कचेरीत उभं राहायला जागा नव्हती. शेरीफ दाराशी. कोर्टाचा अधिकारी लहानसर, नीटनेटका माणूस, समोर पाण्याचा पेला. पहिल्या रांगेत ब्रॅटेन, कोटाला बिल्ला: मी इथलाच. पलीकडे हॅव्हरी, आज साध्या सुटात.

इर्माने वही टेबलावर ठेवली. खोलीतला आवाज एकदम बसला. हॅव्हरी हसला, त्याची वही परत आली होती.

“आठ मे,” अधिकाऱ्याने मोठ्याने वाचलं. “घर सात, सकाळी साडेसहा, पांढरं. हरकत घेणाऱ्या बाईंचं ह्यावर म्हणणं?”

“घर दोनची वेळ वाचा. व्हर्नर केतोलाचं.”

“सात दहा.”

“नऊ मे?”

“घर सात, साडेसहा. घर दोन, सात बारा.” त्याने पानं उलटली. “रोज तसंच आहे.”

“आता गेल्या वर्षीचं घर दोन.”

“साडेसहा. साडेसहा. सहा एकोणतीस.” अधिकाऱ्याने मान वर केली.

मागून व्हर्नर उभा राहिला. टोपी हातात. त्याने सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आणि वही आपणच चोरली हेही. शेरीफने खाली बघितलं.

“हा माणूस कबूल करतोय की तो चोर आहे,” हॅव्हरी म्हणाला. “चोराच्या शब्दावर–”

“तुम्ही रात्री खिडकी उघडी टाकायचात ना?” इर्माने विचारलं. “फुटीत काय ऐकू यायचं, जरा सांगा ह्यांना.”

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि सगळ्या खोलीचे चेहरे बघून मिटलं. निदान एवढी अक्कल होती. पण तेवढ्यात मिट्झी बोलली, “शांतता होती म्हणे,” आणि अख्खी कचेरी खदखदली. बेटावरची चार माणसं हसली नाहीत.

अधिकाऱ्याने लेखणी उचलली. आठ मेला हा उमेदवार मतदारसंघात राहत नव्हता, असा अहवाल तो देणार होता. त्याने तसं सांगितलंही. हॅव्हरी निघून गेला. कुणी वाट अडवली नाही, कुणी दारही धरलं नाही.

ब्रॅटेन उठून टाळ्या वाजवत होता. तो लोकांकडे वळला. “मित्रहो, आज ह्या मातीने दाखवून दिलं. इथे राहणारा माणूसच इथल्या माणसाचं दुःख–”

“बस लेलँड,” इर्मा म्हणाली. “वही संपलेली नाही.”

ती अधिकाऱ्याच्या टेबलापाशी गेली आणि पानं मागे उलटू लागली. सत्त्याऐंशी, शहाऐंशी, पंचाऐंशी. मागे व्हर्नर अजून उभाच होता. आपण आत्ता काय करतोय हे तिला नीट कळत होतं. उपरा गेला. हे वाचल्यावर घरचाही जाणार, आणि तिच्या नेमणुकीवर शिक्का मारणारा माणूस तोच होता.

“बाई, हे विषयाला धरून नाही,” अधिकारी म्हणाला.

“विषय काय आहे, साहेब? माणूस इथे राहतो का, हाच ना?”

त्याने वहीवरचा हात काढून घेतला. ब्रॅटेनने खुर्चीची पाठ धरली. मंगळवारी तो पाच मिनिटं रिकाम्या कचेरीत का थांबला होता आणि खणाला हात लावायचं धाडस त्याला का झालं नाही, हे आता त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

इर्माने वाचलं. एनारचं अक्षर ताठ होतं, रेल्वेच्या फलकावरच्यासारखं.

“दोन मे, चौऱ्याऐंशी. घर दोन. सहा तीस. लाल. शेरीफ म्हणतो हेलिकॉप्टर लागेल, हुकूम राजधानीतून हवा.

“तीन मे. सहा तीस. लाल. आकाश स्वच्छ. आठ वाजता आमदार ब्रॅटेन धक्क्यावर आले. दुर्बिणीतून पाहिलं. हुकमासाठी मी फोन करतो म्हणाले. गेले.

“चार मे. सहा तीस. लाल. आकाश स्वच्छ. हेलिकॉप्टर नाही. दुपारी मी राजधानीत फोन केला. ब्रॅटेनसाहेबांचा फोन आलेलाच नाही म्हणाले. उद्या पाठवतो म्हणाले.

“पाच मे. सहा तीस. लाल. धुकं. हेलिकॉप्टर अर्ध्यातून परत.”

पुढची ओळ तिला दिसत नव्हती. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि व्हर्नरकडे न बघता वाचली.

“सहा मे. सहा तीस. घर दोन. पांढरं. मदत नको.”